चिंधाआबाचे एकवीस खिळे

मराठी-गुजराती सीमेवरच्या, कंपन्यांनी भरलेल्या डोकमर्डीतल्या त्या बंद गल्लीत शिरलात की डाव्या हाताचा तिसरा ओटा चिंधाआबाचा. ओट्याच्या भिंतीला एक लाकडी फळी, फळीला दोन ओळींत एकवीस खिळे, आणि खिळ्यांना एकवीस गाड्यांच्या किल्ल्या. कुणाच्या किल्लीला गणपती लोंबतोय, कुणाच्या किल्लीला बाटली उघडायचं, एकीला तर नुसती सुतळी. आबाच्या स्वतःच्या गाड्या किती? एकही नाही. लायसन? तेही नाही. उभ्या जन्मात स्टेअरिंगला हात लावलाय तो बाहेरून, खिडकीतून, गाडी ढकलताना. आता बोला.

तुम्ही म्हणाल, ज्याला गाडी चालवता येत नाही त्याच्याकडं लोक किल्ल्या ठेवतात कशाला? तर आधी गल्ली बघा. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला भिंत. दोन्ही कडांना मिळून चौदा गाड्या लागतात आणि मधून पंधरावी अंग चोरून जाते. गल्लीतल्या गाड्या मात्र एकवीस. कंपन्यांचा स्टाफ वाहणाऱ्या इको, सामान वाहणारे छोटा हाथी टेम्पो, दोन-चार रिक्षा, आणि भिंतीजवळच्या बंगल्यातल्या चंद्रकांत मॅनेजरची पांढरी लांबडी कार. एवढ्या गाड्या तेवढ्या जागेत बसवायला डोकं लागतं. ते डोकं आबानं सुताच्या कंपनीच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं वॉचमनकी करताना, ट्रक आत-बाहेर काढताना कमावलं होतं. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण सेकंडला, कुणाची नाइट, कुणाची सुट्टी गुरुवारी, सगळं तोंडपाठ. आधी निघणारा तोंडाशी, उशिरा निघणारा आत. सात-आठ गाड्या कायम ड्यूटीवर, म्हणून बाकीच्या मावतात. एखादी आडवी आलीच तर आबा किल्लीनं तिचं लॉक सोडायचा, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग वळवायचा आणि खांदा लावायचा. कायदा एवढाच, की गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, किल्ली खिळ्याला.

चिंधा हे नाव काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. साक्रीकडचं खेडं, आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली. तिसरा झाला तेव्हा तिनं त्याला शेजारणीच्या ओटीत टाकला आणि फाटकी चिंधी देऊन परत विकत घेतला. म्हणजे वर कुणी मोजदाद करत असेल तर त्याला वाटावं, हे पोर काही कामाचं नाही, चिंधीच्या मोलाचं आहे, राहू दे. देव फसला. पोरगं जगलं, बासष्ट वर्षांचं झालं. पण चिंधीच्या मोलाचा माणूस म्हणून जगाची सवय काही गेली नाही. कंपनीत साहेब लोक त्याला ‘ए गेट’ म्हणायचे. रिटायर झाला त्या दिवशी नारळ देताना त्याचं आडनाव चुकलं. म्हणून तीन वर्षांपूर्वी जेव्हा गोकुळनं पहिली किल्ली आणून दिली आणि म्हणाला, “आबा, तुमच्याकडं असू द्या, मी झोपतो,” तेव्हा आबा ती किल्ली हातात धरून बराच वेळ उभा होता. कुणी त्याच्यावर दोन-चार लाखांचं काही सोपवायची ही पहिलीच वेळ. हे तो कुणाला बोलला नाही, पण रोज सकाळी फळी पुसायचा आणि खिळ्यांना गोडेतेलाचं बोट लावायचा, ते काय उगाच?

तर अशा ह्या सुखात मार्च महिन्यात विजेच्या खांबावर एक कागद चिकटला. वाचायला कल्पेशला बोलावलं. कल्पेश कंपनीत क्वालिटीला. घरात मराठी, दोस्तांत गुजराती आणि मोबाइलशी इंग्रजी बोलणारं पोरगं. त्यानं सांगितलं, राहत्या वस्तीतल्या गल्ल्यांच्या पार्किंगचे नियम बदलायचेत. मंगळवारी पालिकेची माणसं गाड्या मोजायला येणार. मोजणीवरून ठरणार, कुठल्या गल्लीत गाड्या लावू द्यायच्या आणि कुठल्या गल्लीत दोन्ही बाजूंना बंदी.

‘मोजायला येणार’ एवढंच आबाच्या कानात शिरलं. पुढचं शिरलंच नाही.

कारण गेटवरच्या अठ्ठावीस वर्षांत मोजायला आलेल्या माणसानं कुणाचं भलं केलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. इन्स्पेक्टरची गाडी लांबून दिसली की आबा बेल दोनदा दाबायचा. मागच्या फाटकातून हजेरीवर नसलेली शंभर माणसं टपरीवर चहाला पळायची. इन्स्पेक्टर आत येऊन मोजायचा, खूश होऊन जायचा, माणसं परत यायची. एकदाही चूक नाही. आबानं संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

“मोजायला आले म्हणजे पुढं टॅक्स आला,” आबा म्हणाला. “अन् गोकुळ, तुझ्या इकोची पाटी पांढरी अन् धंदा भाड्याचा. ते विचारलं तर काय सांगशील? झाकली मूठ सव्वा लाखाची. मंगळवारी गल्लीत एक चाक दिसता कामा नये.”

“पण आबा, त्यांनी लिहिलंय की मोजणीवरून...” कल्पेश म्हणाला.

“तू गप. तुझी मिशी फुटायच्या आधीपासून मी इन्स्पेक्टर बघतोय.”

चंद्रकांत मॅनेजर नाशिकचा, शिकलेला, घरात दोन डिग्र्या फ्रेम करून लावलेला. तो तरी काही बोलेल? छे. त्यानं मान डोलावली, कारण ऑडिट आलं की कपाटं कशी हलवायची हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. शिक्षणानं माणूस एवढाच सुधारतो.

मंगळवारी आबानं जे करून दाखवलं त्याला तोड नाही. पहाटेपासून गाड्या एकामागोमाग रांध्याच्या रस्त्याला एका मोकळ्या प्लॉटवर गेल्या. ऑइलचे डाग मातीनं झाकले. मंजुळाबाईनं, म्हणजे आबाच्या बायकोनं, गल्लीच्या मधोमध चार खाटा टाकून त्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घातले. वर्षानुवर्षं एवढं ऊन तिच्या वाट्याला आलं नव्हतं. मोजणीवाला आला तेव्हा गल्लीत पप्पूची विटांवर उभी असलेली, चाकं नसलेली रिक्षा तेवढी होती. ती हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, तिला गाडी म्हणणारा माणूसच उरला नव्हता.

“गाड़ियाँ कहाँ हैं?” मोजणीवाल्यानं विचारलं.

“हमारे गल्ली में गाडी रहतीच नहीं साहब,” आबा छाती काढून म्हणाला. “गरीब लोग हैं. पापड खाओ.”

साहेबानं बिबडा खाल्ला, चहा प्याला, रिक्षाचा फोटो काढला आणि गेला. त्या संध्याकाळी आबाचा रुबाब काय विचारता. गोकुळनं भजी आणली. मंजुळाबाई मात्र बिबडे गोळा करता करता म्हणाली, “पोरगं काहीतरी सांगू राह्यलं होतं, ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं.” तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

तीन आठवड्यांनी दुसरा कागद लागला. कल्पेशनं तो वाचला आणि मग पुन्हा एकदा हळू वाचला. गल्लीत वाहनं आढळली एक, तेही नादुरुस्त. सबब दोन्ही बाजूंना गाडी लावायला कायमची बंदी, लावलेली गाडी उचलून नेणार. हरकती-सूचना पंधरा दिवसांत.

गल्ली आबाच्या ओट्यासमोर जमली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाल्मिक टेम्पोवाला म्हणाला, “आबा, हे हात दाखवून अवलक्षण झालं.” मग चंद्रकांत बोलला. मान डोलावणारा पहिला, आता अंग काढून घेणाराही पहिला.

“चूक आपलीच आहे,” तो सगळ्यांना म्हणाला, आबाकडं न बघता. “ज्याला गाडी चालवता येत नाही त्याच्या हातात आपण किल्ल्या दिल्या.”

आणि पुढं होऊन त्यानं वरच्या ओळीतल्या पहिल्या खिळ्यावरची आपली किल्ली काढून घेतली. मग दुसऱ्यानं काढली. मग कुणीच कुणासाठी थांबलं नाही. गोकुळनं शेवटी काढली आणि काढताना म्हणाला, “राग मानू नका आबा, सगळ्यांनी नेल्या म्हणून.” कल्पेशनं तर बापाची किल्ली न्यायला आईला पाठवलं.

आबा फळीसमोर बसून राहिला. मंजुळाबाईनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. बासष्ट वर्षांत त्याला एवढं कधी लागलं नव्हतं. नारळ देताना आडनाव चुकलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा लोक परके होते.

“जेवा,” मंजुळाबाई म्हणाली. “खिळ्यांनी पोट भरत नसतं.”

“मंजुळे, आयुष्यभर लपवलं अन् निभावलं. आताच कसं उलटलं?”

“लपवायचं त्याच्यापासनं जो काही न्यायला येतो,” ती म्हणाली. “हा तर द्यायला आला होता. तुमाले फरक कळला नाही. जा अन् त्याले सांगून या.”

“काय सांगू?”

“खरं सांगा. एकदा करून तर बघा, माणूस काही मरत नाही त्यानं.”

सुनावणीच्या दिवशी आबानं गेटवरचा जुना निळा शर्ट इस्त्री करून घातला. समोर इंजिनियर साहेब, पंख्याखाली घामाघूम. आबाच्या आधी आलेल्या एकूण एक हरकतीला त्यांनी ‘नोटेड’ म्हणून वाटेला लावलं होतं. आबाची पाळी आली. लायसन नंबर विचारला, नाही. गाडीचा नंबर विचारला, नाही. “फिर आपकी हरकत क्या है?” साहेब म्हणाले.

“साहब, गल्ली में इक्कीस गाडी है,” आबा म्हणाला. “मैंने छुपाई. सबको मैंनेच बोला छुपाओ. उनकी गलती नहीं, मेरी है.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यापुढं येऊन चूक माझी आहे असं म्हणत होतं. त्यांना ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे कळेना. शेवटी ते म्हणाले, “इक्कीस? उस गली में? रविवार को एक बजे मैं खुद आऊँगा. सब गाड़ियाँ एक साथ खड़ी दिखाओ. नहीं दिखीं तो बंदी पक्की.”

आबानं घरोघरी जाऊन निरोप दिला. लोकांनी दार अर्धंच उघडून ऐकला, पण ऐकला. गरज होती ना. ज्यांची रविवारी ड्यूटी होती त्यांनीसुद्धा बदली घेतली.

आणि इथंच एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, एक आबा सोडून. गल्ली झाल्यापासून एकवीसच्या एकवीस गाड्या एका वेळी तिच्यात कधी आल्याच नव्हत्या. आबा बोलायला गेलाही होता. “अगोदर मला सांगा, कोण कुठं लावणार,” तो म्हणाला. चंद्रकांत म्हणाला, “आता तुम्ही आराम करा.” आबा ओट्यावर परत गेला.

रविवारी एकला साहेबांची जीप आली आणि थेट भिंतीपर्यंत गेली, मोजणी आतून बाहेर करायची म्हणून. तिच्यामागून गल्ली घुसली. प्रत्येकानं दिसली जागा की गाडी घातली, हँडब्रेक ओढला, लॉक केलं आणि किल्ली खिशात टाकून जेवायला घरात. कडेच्या चौदा जागा भरल्या, मग मधली वाट भरली. सगळ्यांत शेवटी वाल्मिक आला. त्यानं छोटा हाथी गल्लीच्या तोंडात अडकवला, आणि दोस्ताच्या मोटरसायकलवर बसून मासे आणायला लांब धरणाकाठच्या दुधनीला निघून गेला. किल्ली अर्थात त्याच्याबरोबर दुधनीला.

साहेबांनी भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढत मोजलं. पप्पूची विटांवरची सोडून एकवीस. “मान गए,” ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चलो.”

चलो म्हणजे कुठं? जीपपुढं रिक्षा, रिक्षापुढं चंद्रकांतची कार, कारपुढं एक इको, आणि असं करत करत गोकुळची इको आणि तिच्यापुढं तोंडाशी वाल्मिकचा टेम्पो. दोन वाजून गेले होते. गोकुळ घरातून धावत आला. सव्वादोनला त्याला सेकंड शिफ्टच्या बारा बायका घेऊन निघायचं होतं. बायका डबे घेऊन कोपऱ्यावर उभ्या. गेटवर उशीर झाला की त्यांचा अर्धा दिवस कापला जातो, आणि गोकुळचं तर कॉन्ट्रॅक्टच जातं. त्यानं हॉर्न दाबला. मग सगळ्यांनीच दाबला. हॉर्ननं टेम्पो हलला असता तर अजून काय पाहिजे होतं. चंद्रकांत म्हणाला, “थांबा, मी काढतो,” आणि त्यानं कार वीतभर मागं घेऊन रिक्षाचा दिवा फोडला.

आबा ओट्यावर बसला होता, हात गुडघ्यांवर.

“उठा,” मंजुळाबाई म्हणाली.

“कशाला? माझ्याकडं एक बी किल्ली नाही.”

हे तो हळूच म्हणाला, पण गोकुळनं ऐकलं. तो तसाच ओट्यावर चढला. त्यानं खिशातली किल्ली काढली आणि खालच्या ओळीतल्या आपल्या खिळ्याला अडकवली. त्याच्यामागून रिक्षावाला. मग कल्पेश, यावेळी स्वतः. चंद्रकांतची किल्ली त्याची बायको भारतीवहिनी घेऊन आल्या, चंद्रकांत लांबूनच कारची काच पुसत राहिला. पाच मिनिटांत वीस खिळे भरले. एकविसावा दुधनीला.

मग आबा उठला. त्यानं गल्ली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मोजली, गेटवर ट्रक मोजायचा तशी.

“सगळ्यांचे हँडब्रेक खाली,” तो म्हणाला. “न्यूट्रल. इंजिन कुणी चालू करायचं नाही. साहेबांच्या जीपचं बी.”

साहेबांच्या ड्रायव्हरनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी हँडब्रेककडं बोट दाखवलं.

“आता भिंतीकडून सुरू. प्रत्येकानं आपली गाडी मागं, भिंतीकडं, वीतभर. फक्त वीतभर, जास्त नको.”

जीप वीतभर सरकून भिंतीला टेकली. रिक्षा वीतभर, कार वीतभर, इको वीतभर. आबा एकेका खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरत, खांदा लावत, शिव्या देत पुढं येत होता. शिव्या अस्सल साक्रीच्या होत्या आणि त्यात मॅनेजरलाही सूट नव्हती. वीत वीत करत तोंडाशी तीन हात जागा झाली. मग दहा जणांनी वाल्मिकच्या रिकाम्या टेम्पोचं मागचं अंग उचललं आणि सरकवत एका कडेला फिरवलं. गोकुळची इको अंग चोरून बाहेर पडली. दोन सतरा. बारा बायका चढल्या आणि गाडी गेली.

जीप मात्र सगळ्यांत आत होती, तिचा नंबर शेवटचा. साहेब ओट्यावर बसले, मंजुळाबाईनं चहा दिला, बिबडे दिले. साहेबांची नजर फळीवर गेली.

“इसमें आपकी कौन सी है?”

“एक बी नहीं, साहब. मेरेको चलाना नहीं आता.”

साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, “रोज ऐसे ही रखते हो?”

“रोज जास्त नीट,” आबा मराठीतच म्हणाला, आणि साहेबांना ते समजलं.

महिन्याभरानं तिसरा कागद आला. बंदी रद्द. गल्लीत फक्त तिथल्या रहिवाशांच्या गाड्या, पांढऱ्या रंगानं आखलेले चौदा चौकोन, परवाने मात्र एकवीस. चौदात एकवीस कशा बसवायच्या, हे त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. परवान्याच्या फॉर्मला गाडीचा नंबर लागत होता, म्हणून आबाला परवाना मिळाला नाही. गल्लीत काडीचाही परवाना नसलेला तेवढा एकच माणूस उरला.

त्या रविवारी लोकांनी गाड्या सोडवून घेतल्या तशा किल्ल्याही परत नेल्या होत्या. कागद लागला त्या संध्याकाळपासून त्या एकेक करून यायला लागल्या. कुणी माफी मागितली नाही. गोकुळ आला, वाल्मिक मासे घेऊन आला, कल्पेश आला. येऊन किल्ली अडकवायची, “आबा, उद्या फर्स्ट आहे” एवढं सांगायचं आणि जायचं. आठ दिवसांत वीस झाल्या. वरच्या ओळीतला पहिला खिळा तेवढा रिकामा. आबा रोज फळी पुसायचा आणि त्यालाही तेलाचं बोट लावायचा.

नवव्या दिवशी सकाळी भारतीवहिनी आल्या, किल्ली पदराखाली धरून.

“ह्यांना यायला लाज वाटते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता तो खिळा दुसऱ्या कुणाला दिला असेल ना? आपल्या गल्लीतल्या अनंतनं पण नवीन रिक्षा घेतली म्हणतात. कुठंही अडकवा, चालेल.”

अनंतची रिक्षा गल्लीत येऊन चार दिवस झाले होते. तिच्यासाठी आबानं फळीच्या खाली बाविसावा खिळा ठोकला होता.

“कुठंही कशाला?” आबा म्हणाला. “वहिनी, त्यांचा पहिला आहे. तो मी कुणाला देत नसतो.”

त्यानं किल्ली घेतली, अडकवली, आणि पांढऱ्या कारचा हँडब्रेक वर राहिलाय का ते बघायला भिंतीकडं चालू लागला.